सुई आणि समिती

बाई सुईला भीत नाही. गोधडी शिवताना, ब्लाऊजला हूक लावताना, गजरा ओवताना, लेकराच्या पायातला बाभळीचा काटा काढताना सुई तिच्याच हातात असते. सोनार नातवाचे कान टोचायला बसला की रडणारं लेकरू मांडीवर आवळून धरते तीही बाईच. पण डॉक्टरांनी "आता इन्सुलिनची सुई सुरू करू या" म्हटलं, की याच बाईचे हात गार पडतात.

आमच्या सीमेवरच्या पट्ट्यात, म्हणजे बिदर, भालकी, बसवकल्याण, आळंद इकडे, या भीतीला भाषाही तीन. मराठी घरात 'शुगर', कानडी शेजारणीकडे 'सक्करी', दखनी बोलणाऱ्या कंपाउंडरच्या तोंडी 'शक्कर की बीमारी'. आणि तिन्ही भाषांत "त्यांना सुई लागली म्हणे" हे वाक्य असं दबक्या आवाजात सांगतात, की ऐकणारीनं पुढचं समजून घ्यावं. सुई लागली म्हणजे आता दिवस मोजायचे. खरं तर ज्यांचे दिवस मोजायची वेळ आली असती, अशी कितीतरी माणसं या सुईनं वीस-वीस, तीस-तीस वर्षं संसार करतात. पण सुईचं भय आधी घरात येतं आणि सुई कशी टोचायची याचं ज्ञान मागाहून येतं, कधी येतच नाही.

आमच्या घरात नऊ वर्षांपूर्वी सासूबाईंना सुई सुरू झाली. त्यांचा पहिला प्रश्न दुखेल का, हा नव्हता. त्यांनी विचारलं, "सूनबाई, ह्यात काय असतंय? जनावराचं काही नसेल ना?"

डॉक्टर हसले आणि "तसलं काही नाही, आजी" म्हणाले. पण सासूबाईंचं समाधान झालं नाही. कंदमुळं न खाणारी, पाणी गाळल्याशिवाय चुलीवर न ठेवणारी बाई, दिवसातून दोनदा अंगात काय घेते हे तिला कळायला नको? आपल्यातल्या अनेक घरांत हा प्रश्न मनात असतो आणि बोलून दाखवला जात नाही. म्हणून त्याचं उत्तर नीट सांगते.

१९२१ साली कॅनडातल्या टोरंटो शहरात फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी इन्सुलिन शोधलं. त्यासाठी कुत्र्यांवर प्रयोग झाले. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा टोचलं. तोपर्यंत अशी मुलं उपाशी ठेवून थोडे दिवस जगवत आणि मग ती जात. पुढं साठ वर्षं हे औषध कत्तलखान्यातल्या गाई-बैल आणि डुकरांच्या स्वादुपिंडातून काढत. आठ औंस, म्हणजे पाव किलोहून कमी शुद्ध इन्सुलिनसाठी दोन टनांहून जास्त डुकरांचे अवयव लागत. हे लपवून उपयोग नाही. जुन्या पिढीच्या मनातली शंका खोटी नव्हती.

मग १९७८ साली अमेरिकेत माणसाच्या इन्सुलिनची कृती जिवाणूत घालून त्याच्याकडून ते बनवून घेता आलं. १९८२ साली तिथं ते औषध म्हणून मंजूर झालं. आपल्या कर्नाटकात बंगळूरच्या बायोकॉननं २००४ साली यीस्टकडून बनवलेलं मानवी इन्सुलिन बाजारात आणलं. आज दुकानात मिळणारं जवळजवळ सगळं इन्सुलिन असंच, जिवाणू किंवा यीस्टकडून करून घेतलेलं असतं. बाटलीवर 'ह्यूमन' आणि 'आर-डीएनए' असे शब्द बहुधा दिसतात, त्यांचा अर्थ हाच. मी सासूबाईंना सांगितलं, "आई, आता पंचेंद्रिय जीव मारून हे काढत नाहीत." त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "बरं. मग टोच."

हा प्रश्न आपल्या मातीत नवा नाही. कागिणा नदीकाठचं मळखेड म्हणजे राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट. आपण तिथल्या नेमिनाथ बस्तीच्या दर्शनाला जातो. त्या राष्ट्रकूटांच्या काळात, नवव्या शतकात, उग्रादित्याचार्यांनी 'कल्याणकारक' हा वैद्यकग्रंथ रचला. औषधांत मांस, मद्य, मध वापरायचा नाही, हा त्यांचा आग्रह. नृपतुंग राजाच्या सभेत, वैद्यांसमोर, मांस औषध म्हणून निरुपयोगी आहे असं त्यांनी प्रतिपादन केलं, असं त्या ग्रंथातच आलं आहे. १९४० साली हा ग्रंथ सोलापुरातून हिंदी अनुवादासह छापला गेला. म्हणजे "ह्यात काय असतंय?" हे विचारणं अडाणीपणाचं नाही, हजार-अकराशे वर्षांची आपली रीत आहे. विचारावं. फक्त उत्तर मिळाल्यावर औषध घ्यावंही.

सुई टोचायला मला शिकवलं आमच्या गल्लीतल्या निवृत्त सिस्टरनी. त्या कानडीत सुरुवात करायच्या, मध्येच मराठीत यायच्या. पहिले दोन दिवस त्यांनी मला संत्र्यावर टोचायला लावलं. त्या म्हणायच्या, "ही सुई खोल जायची सुई नव्हे. कातडीच्या खाली, मांसाच्या वर." यातच सगळं आलं. आपल्या कातडीची जाडी दोन-अडीच मिलिमीटर. तिच्याखाली चरबीचा थर, आणि त्याखाली स्नायू. इन्सुलिन त्या मधल्या चरबीत जायला हवं, म्हणजे ते हळूहळू रक्तात उतरतं. स्नायूत गेलं तर भराभर उतरतं आणि साखर एकदम खाली येते. म्हणून सुई लहान असते. पेनची चार मिलिमीटरची सुई सरळ उभी टोचली तरी चालते. सिरिंजची सुई त्याहून लांब असते, तिला अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत कातडी हलकेच उचलावी लागते. माणूस फारच वाळलेलं असेल तर सुई तिरपी धरायची. चिमूट हळू घ्यायची, पिठाचा गोळा उचलतो तशी, लेकराला चिमटा काढतो तशी नव्हे.

जागा कुठली? पोट सगळ्यांत सोयीचं, बेंबीपासून दोन बोटं सोडून. मांडीची बाहेरची बाजू चालते. दंडाची मागची बाजू दुसऱ्यानं टोचायची असेल तर. आपण बायकांनी एक लक्षात ठेवावं. परकराची नाडी जिथं रोज घट्ट बसते आणि कातडी घासते, ती रेघ सोडून द्यावी. पातळावरून, परकरावरून कधी टोचू नये. घाई असली तरी नाही.

आधी हात साबणानं धुवायचे. आंघोळ झालेली असेल, कातडी स्वच्छ असेल तर स्पिरिटचा बोळा लागतच नाही. स्पिरिट म्हणजे मद्यार्क म्हणून काही जुन्या बायका नाक मुरडतात, त्यांनी खुशाल साबण-पाणी वापरावं. स्पिरिट लावलंच तर ते पूर्ण वाळू द्यावं, नाहीतर सुईसोबत आत जाऊन चुरचुरतं. बाटलीतलं इन्सुलिन दुधट असेल तर बाटली दोन्ही तळव्यांत धरून वाती वळतो तशी दहा वेळा फिरवायची, दहा वेळा हळूच उलटी-सुलटी करायची. ताक घुसळल्यासारखी हलवायची नाही. जितके युनिट घ्यायचे तितकी हवा आधी बाटलीत सोडायची, मग बाटली उलटी धरून औषध ओढायचं, बुडबुडे टिचकीनं वर आणून काढून टाकायचे. पेन असेल तर नवी सुई लावून दोन युनिट हवेत सोडून बघायचे, थेंब दिसला तरच पुढं जायचं.

दट्ट्या पूर्ण दाबून झाला की सुई लगेच काढायची नाही, दहा मोजायचे. आमच्याकडे दहा कुणी मोजत नाही. सासूबाई सावकाश एक णमोकार म्हणतात, तेवढ्यात दहा सेकंद होऊन जातात. मग सुई सरळ बाहेर, आणि त्यानंतर चिमूट सोडायची. वर चोळायचं नाही.

जागेबद्दल अजून एक. सासूबाईंना एकच जागा आवडायला लागली होती, उजव्या कुशीकडं. "तिथं कळतच नाही गं," म्हणायच्या. सिस्टरनी हात फिरवून बघितलं तर तिथं मऊ गाठ झालेली. रोज एकाच ठिकाणी टोचलं की चरबी फुगून गाठ होते, तिथं दुखत नाही, पण औषधही धड लागत नाही. कधी कमी, कधी एकदम जास्त. मग सासूबाईंनीच तोड काढली. पोटाचे चार भाग केले. महिन्यात दोन अष्टमी, दोन चतुर्दशी. पर्वतिथी आली की भाग बदलायचा, आणि त्या भागातही रोज एक बोट सरकायचं. कॅलेंडरवर खूण करायची गरज उरली नाही, कारण अष्टमी-चतुर्दशी त्या विसरणं शक्य नाही. एक मात्र सांगून ठेवते. गाठीची जागा सोडून नव्या जागी टोचायला लागल्यावर तेच औषध जास्त लागतं आणि साखर उतरू शकते. डॉक्टरांना विचारून, साखर तपासत बदल करावा.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसले, ती सांगते.

आळंदला माझ्या मोठ्या आत्या असतात. त्या बरीच वर्षं सुई घेत होत्या, नातू टोचायचा. एकदा डॉक्टरांनी औषध बदललं, दिवसभर पुरणारं, संध्याकाळी एकदाच घ्यायचं. सोळा युनिट. दुकानातून नवी बाटली आणली, सोबत दुकानदारानं नेहमीच्याच लाल टोपणाच्या सिरिंजा बांधून दिल्या. नातवानं नेहमीसारखं सोळाच्या खुणेपर्यंत भरलं आणि टोचलं. आत्यांनी दिवस असताना जेवून घेतलं.

आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदीच्या येतात. एकीत एका मिलिलिटरला ४० युनिट, दुसरीत १००. त्यांच्या सिरिंजाही वेगळ्या. ४० वालीचं टोपण लाल, १०० वालीचं नारिंगी. आत्यांची जुनी बाटली ४० ची होती, नवी १०० ची. लाल सिरिंजमध्ये सोळाची खूण म्हणजे ०.४ मिलिलिटर. १०० च्या बाटलीतलं तेवढं औषध म्हणजे चाळीस युनिट. सोळाच्या जागी चाळीस, अडीच पट! घरात कुणाला हे माहीत नव्हतं, आणि विकणाऱ्यानं सांगितलं नाही.

रात्री दीडच्या सुमाराला वहिनींचा फोन आला. "आत्यांना दरदरून घाम सुटलाय, हात थरथरलालेत, काहीतरी बरळलालेत." मशीनवर साखर बघितली तर ५२. सत्तरच्या खाली म्हणजे धोका. वहिनींनी साखरेचं पाणी केलं होतं, पण आत्या तोंड उघडेनात. चाळीस वर्षांचं रात्रिभोजनत्यागाचं व्रत. "दिवस उगवू दे," एवढंच म्हणत होत्या.

मी म्हटलं, फोन त्यांच्या कानाला लावा. आणि विचारलं, "आत्या, व्रत घेताना पाणी-औषधाची मोकळीक ठेवली होती का?" बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग पुटपुटल्या, "ठेवली होती." मी म्हटलं, "मग ही साखर औषध आहे. वाटीत आहे म्हणून ते जेवण होत नाही. घ्या."

घेतली त्यांनी. तीन चमचे साखर पाण्यात. पंधरा मिनिटांनी पुन्हा बघितलं, ६१. पुन्हा तीन चमचे. मग ८४. पण ते औषध दिवसभर चालणारं, साखर पुन्हा उतरणार हे उघड होतं, म्हणून तशाच रात्री गाडी करून त्यांना चाळीसेक किलोमीटरवर कलबुर्गीला नेलं. दुसऱ्या दिवसापर्यंत सलाईनमधून साखर चालू होती. आत्या आजही आहेत, देवदर्शन करतात, आणि नातू आता बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा मोठ्यानं वाचल्याशिवाय औषध भरत नाही.

म्हणून माझ्या बहिणींनो, रंगावर जाऊ नका, आकडे जुळवा. बाटलीवर ४० तर सिरिंजवर ४०. बाटलीवर १०० तर सिरिंजवर १००. रेघा मोजूनही भागत नाही, कारण काही सिरिंजवर एक रेघ म्हणजे एक युनिट असतं आणि काहींवर दोन. चिठ्ठीवर डॉक्टरांनी आकड्यापुढं इंग्रजी 'यू' घाईत काढला असेल तर तो शून्यासारखा दिसतो, दहाचे शंभर वाटतात. तिथल्या तिथं विचारावं, "डॉक्टरसाहेब, किती युनिट ते शब्दांत लिहून द्या." आपल्याला कानडी वाचता येत नसेल, इंग्रजी येत नसेल, तर मराठीत आपल्या हातानं लिहून घ्यावं आणि त्यांना वाचून दाखवावं. यात लाजण्यासारखं काही नाही.

आणि रात्रीचं व्रत असलेल्या प्रत्येक सुईवाल्या बाईनं ही गोष्ट दिवसा, शुद्धीवर असताना ठरवून ठेवावी. घरच्यांना सांगून ठेवावी. साखर ५२ वर आली की माणसाचं डोकं चालत नाही, त्या वेळी व्रताचा अर्थ लावता येत नाही. उशाशी ग्लुकोजची पूड किंवा साखरेची डबी असू द्यावी. आणि माणूस बेशुद्ध असेल, गिळता येत नसेल, तर तोंडात काही ओतायचं नाही, १०८ ला फोन करायचा.

डॉक्टर बहुतेक चिठ्ठीवर 'सकाळी-रात्री' लिहितात. त्यांच्या मनातली रात्र साडेआठची असते. आपलं संध्याकाळचं जेवण सूर्यास्ताआधी. बिदर भागात डिसेंबरात पावणेसहाला सूर्य मावळतो, जूनमध्ये सातच्या आसपास. म्हणजे वर्षभरात आपली जेवायची वेळ तासाभरानं मागं-पुढं होते आणि जेवणापासून सकाळच्या नाश्त्यापर्यंत तेरा-चौदा तास पोट रिकामं राहतं. संध्याकाळच्या दुधट औषधाचा जोर नेमका मध्यरात्रीनंतरपर्यंत राहतो. हे डॉक्टरांना सांगितल्याशिवाय कसं कळणार? "आम्ही दिवस मावळल्यावर खात नाही," हे एक वाक्य तपासणीच्या खोलीत सांगायलाच हवं. औषध कोणतं, किती, कधी, हे त्यावरून बदलतं.

सकाळचंही तसंच. आपण आंघोळ करून आधी मंदिरात जातो. अभिषेक, पूजा, एखादा स्वाध्याय, की दीड तास गेलाच. नेहमीच्या मिश्र इन्सुलिननंतर अर्ध्या तासात खावं लागतं, काही नव्या औषधांनंतर तर लगेच. घरी सुई टोचून मंदिरात गेलेली बाई तिथं चक्कर येऊन पडते आणि लोक म्हणतात, उपाशीपोटी उभी राहिली म्हणून. आमच्याकडे नियम केला आहे. आधी मंदिर, मग सुई, मग ताट. ताट वाढलेलं डोळ्यांसमोर दिसल्याशिवाय सुई उघडायची नाही.

दशलक्षण पर्वात उपवासाचा प्रश्न येतो. जेवणाच्या हिशेबानं घेतलेली सुई जेवणाशिवाय घेतली तर साखर कोसळते. आणि "आज खाल्लंच नाही, मग सुई कशाला" म्हणून सगळंच बंद केलं तर उलटा धोका, विशेषतः लहानपणापासून मधुमेह असलेल्या मुला-मुलींना. त्यांच्या अंगात स्वतःचं इन्सुलिन जवळजवळ नसतंच, त्यांची सुई उपवासालाही पूर्ण थांबवता येत नाही. हा निर्णय आपण घरात बसून करायचा नाही. भाद्रपद लागण्याआधी डॉक्टरांकडे जाऊन बोलायचं, आणि ते नको म्हणाले तर ऐकायचं. सोळाकारण भावनांत शक्तितस्तप आहे. तप आहेच, पण शक्ती बघून. सासूबाईंनी त्या वर्षापासून दहा दिवसांचे उपवास सोडले आणि दहा दिवस मौन धरलं. घरातल्या नातवंडांना हे तप फार आवडलं!

औषध सांभाळणं हेही आपलंच काम. न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये, दोन ते आठ अंशांत, बर्फाच्या कप्प्यापासून लांब. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी कामाचं नाही. चालू बाटली बाहेर राहिली तरी चालते, पण पंचवीस-तीस अंशांच्या आत. आणि आपल्या कलबुर्गीचा मे महिना चाळिशीच्या वर! वीज गेली, फ्रिज नसला, शेतावर राहायला गेलो, तर मोठ्या मडक्यात ओली वाळू भरून त्यात छोटं मडकं बसवायचं, वर ओलं फडकं. बाटली डबीत घट्ट बंद करून त्या छोट्या मडक्यात. माठातलं पाणी गार होतं त्याच न्यायानं बाटली गार राहते. उघडलेली बाटली साधारण चार आठवड्यांत संपवायची, म्हणजे पौर्णिमेला उघडली तर पुढची पौर्णिमा यायच्या आत. फाटलेल्या दुधासारखे कण दिसले तर टाकून द्यायची, महाग असली तरी. आणि घरात नवरा-बायको दोघांना मधुमेह असला तरी एकाचं पेन दुसऱ्यानं वापरायचं नाही, सुई बदलूनही नाही. पेनच्या आत रक्ताचा अंश मागं येऊ शकतो.

हे सगळं करताना मला सारख्या समिती आठवतात. मुनी चालताना चार हात जमीन बघून चालतात, ती ईर्यासमिती. कमंडलू, पिंछी, शास्त्र उचलताना-ठेवताना बघून, यत्नानं ठेवतात, ती आदाननिक्षेपण. मल-मूत्र टाकतानाही जीव नसलेली जागा बघतात, ती उत्सर्गसमिती. व्रतं मुनींची, पण ती ऐकत आपण वाढलो. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्रमाद हा शब्द आधी येतो, प्राण जाणं त्यानंतर. सुई टोचताना एक थेंब रक्त येतं, सासूबाई "स्स" करतात, ती हिंसा मला वाटत नाही. बाटलीचा आकडा न वाचता सिरिंज बांधून देणं, त्यात मात्र प्रमाद आहे.

उत्सर्गाचं राहिलं. वापरलेली सुई पुन्हा वापरू नये. तिचं टोक बोथट होतं, गाठी होतात. आणि ती कचऱ्यात टाकू नये. दुसऱ्याला टोचून झालेल्या सुईला पुन्हा टोपण घालायला जाऊ नये, आपल्याच बोटात जाते. जाड प्लास्टिकचा रिकामा डबा ठेवावा, कपडे धुवायच्या द्रावणाचा चालतो. टोचली की सुई सरळ आत. पाऊण भरला की झाकण पक्कं बसवून, चिकटपट्टी लावून, दवाखान्यात विचारून तिथं द्यावा.

आमच्या गल्लीत सकाळी सातला कचऱ्याची गाडी येते. सोबत पौरकार्मिक बाई असते, हातात मोजे असतातच असं नाही. ओला कचरा, सुका कचरा ती हातानंच वेगळा करते. एकदा तिनं मला तळहात दाखवला, कुणाच्या तरी पिशवीतली सुई आरपार गेली होती. कुणाच्या घरची, तिला माहीत नव्हतं. चार इंजेक्शनं आणि रक्ताच्या तपासण्यांसाठी तिला दवाखान्याच्या खेपा घालाव्या लागल्या, रोज बुडाला तो वेगळा. त्या दिवशी मी गल्लीतल्या सुईवाल्या सात घरी जाऊन सात डबे देऊन आले. सहा घरांनी ठेवले. सातव्या घरी मी दर अष्टमीला जाते.